प्रस्तावना : अस्वस्थ पायांचा विकार

दिवसभर शेतात, कचेरीत किंवा चुलीपुढे राबलेले माणूस रात्री अंथरुणावर पाठ टेकते, डोळ्यांवर झोपेची गुंगी आलेली असते, घर निवांत झालेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी दोन्ही पोटऱ्यांच्या आत, कातडीच्या खाली आणि हाडाच्या वर कोठेतरी, अशी एक वळवळ सुरू होते की पाय हलविल्यावाचून क्षणभरही राहवत नाही. पाय लांब करावा, आखडावा, एकावर एक घासावा, मुठींनी ठोकावा, आणि अखेरीस उठून ओटीवर दहा-वीस फेऱ्या माराव्या, तेव्हा कोठे ती शमते. परंतु पुन्हा अंथरुणाला अंग लागते न लागते तोच ती पूर्ववत हजर होते. पहाटेच्या सुमारास ती आपोआप ओसरते, माणसाला दोन-तीन तास झोप लागते, आणि दिवस उजाडल्यावर त्याच पायांत शोधूनही काही दोष सापडत नाही. वैद्यकशास्त्र ज्याला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणते आणि ज्याचा उल्लेख पुढील प्रकरणांत ‘अस्वस्थ पायांचा विकार’ असा केला आहे, तो हाच होय.

या विकारासंबंधी मराठीत स्वतंत्रपणे लिहिण्याची निकड मला वाटली ती त्याच्या दुर्मिळपणामुळे नव्हे. युरोप व अमेरिकेतील पाहण्यांत प्रौढांपैकी शेकडा पाच ते दहा जणांत त्याची लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळली आहेत. आशियातील आकडे पुष्कळच कमी आहेत. बंगळूर शहरातील एका पाहणीत ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास निघाले. तरीसुद्धा शेकडा दोन म्हणजे हजार उंबऱ्यांच्या गावात कित्येक घरी रात्री कोणीतरी उठून फिरत आहे, असाच अर्थ होतो. स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो, वयाबरोबर वाढत जातो, आणि तरुण वयात सुरू झाला असेल तर बहुधा आई, मावशी, आजोबा अशा कोणा वडीलधाऱ्यालाही तो असल्याचे चौकशीअंती समजते. मला निकड वाटली ती याकरिता की, ज्याचे निदान पाच प्रश्नांत होते आणि ज्याचा एक प्रमुख इलाज तालुक्याच्या गावीसुद्धा उपलब्ध आहे, असा हा विकार वर्षानुवर्षे दुसऱ्याच नावाने औषधे खात बसलेला मी पाहत आलो आहे.

आपल्या घरांना त्याची ओळख नाही, असे म्हणवत नाही. पोटऱ्यांवर जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधून निजणाऱ्या आज्या, नातवंडांना पायांवर उभे करून पोटऱ्या तुडवून घेणारे आजोबा, तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासून घेणारी माणसे, रात्रीच्या एस.टी.त बसायला जागा असूनही मधल्या वाटेत दांडा धरून उभी राहणारी आणि नाटकाला जाताना आवर्जून कडेची खुर्ची मागून घेणारी माणसे आपल्या परिचयाची असतात. त्यांतील सर्वांनाच हा विकार असतो असे नाही, पण काहींना असतो, आणि त्यांनी शोधलेले उपाय अनुभवातून आलेले असल्यामुळे अगदीच निष्फळ नसतात. चोळणे, दाबणे, चालणे यांनी ही वळवळ तेवढ्यापुरती दबते, हे या विकाराचे एक लक्षणच आहे. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. वात म्हणून, थकवा म्हणून, वय झाले म्हणून ही गोष्ट घरातल्या घरात मिटविली जाते आणि डॉक्टरांच्या कानांपर्यंत ती ‘झोप येत नाही’ या एका वाक्याच्या रूपाने पोहोचते.

शेतकरी कुटुंबातील पन्नाशीच्या घरातील एक बाई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या, त्या याच वाक्यानिशी. हातातील पिशवीत तीन-चार वर्षांचे कागद होते: कॅल्शियमच्या गोळ्या, जीवनसत्त्वाची इंजेक्शने, कमरेच्या मणक्यांचे छायाचित्र, झोपेची गोळी, मग अधिक मात्रेची झोपेची गोळी. निदानाच्या रकान्यात एका ठिकाणी ‘चिंता’ असे लिहिले होते. मी त्यांना विचारले, “काकू, झोप येत नाही की पाय झोपू देत नाहीत?” त्या क्षणभर मुलाकडे पाहत राहिल्या आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “पायांतच काहीतरी चालतंय हो. दुखत नाही, पण राहवतही नाही. उठून अंगणात फिरले की काहीच नाही. सून म्हणते, सासूबाईंना वारं लागलंय.” पिशवीतल्या त्या सगळ्या कागदांत रात्रीच्या त्या फेऱ्यांची नोंद कोठेही नव्हती, कारण तो प्रश्न त्यांना कोणी घातलाच नव्हता, आणि न विचारता ही गोष्ट सांगण्याची त्यांना लाज वाटत होती.

ही लाज आणि ही उपेक्षा, दोन्ही जुन्या आहेत. मेंदूच्या बुडाशी असलेल्या धमन्यांच्या वलयाला ज्याचे नाव आजही चालते, त्या टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1672 साली आपल्या लॅटिन ग्रंथात अंथरुणावर पडताच हातापायांत उसळी मारणाऱ्या आणि माणसाला छळस्थानी असल्याप्रमाणे जागे ठेवणाऱ्या या व्यथेचे वर्णन केले व अफूच्या अर्काने ती शमते असेही नमूद केले. आणि विशेष हे की, त्याने तिला मनाचा चाळा म्हटले नाही. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे कोणी तिची फारशी दखल घेतली नाही, आणि एकोणिसाव्या शतकात जर्मनीत टेओडोर विटमाक याने घेतली ती तिला उन्मादाच्या लक्षणांत गणून. या व्यथेला स्वतंत्र व्याधीचा दर्जा मिळवून दिला तो स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम या मज्जाविकारतज्ज्ञाने. 1945 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्याने रुग्णांच्या कैफियती एकत्र ठेवून त्यांतील साम्य दाखविले, आणि आज चालू असलेले नाव त्यानेच रूढ केले. त्याच्याजवळ यंत्र असे काही नव्हते. रुग्ण जे सांगत होते ते खरे मानून लिहून घेण्याची चिकाटी होती. आठ दशकांनंतरही निदानाची रीत तीच राहिली आहे, आणि म्हणूनच या पुस्तकात रुग्णाच्या जबानीला इतके मोठे स्थान दिले आहे.

ती जबानी कशी घ्यावी हे येथेच सांगितलेले बरे. पाय हलविण्याची अनावर ओढ लागते काय, आणि तिच्याबरोबर पायांत काही चमत्कारिक, नकोशी संवेदना असते काय. ही ओढ बसल्यावर वा पडल्यावर सुरू होते किंवा वाढते काय. चालल्याने, ताणल्याने, निदान चालणे चालू असेपर्यंत, ती थांबते किंवा पुष्कळ कमी होते काय. दिवसापेक्षा सायंकाळी व रात्री ती अधिक असते काय. आणि या सर्वांचा उलगडा दुसऱ्या एखाद्या दुखण्याने होण्यासारखा नाही ना? पहिल्या चार प्रश्नांना होकार आणि पाचव्याची खातरजमा, एवढ्यावर निदान मुक्रर होते. यासाठी मेंदूचे चित्र लागत नाही, मज्जातंतूंची विद्युत्‌तपासणी नेहमी लागत नाही, आणि झोपेच्या प्रयोगशाळेत रात्र काढण्याचीही बहुतेकांना गरज नसते. तशी तपासणी केलीच तर दहांपैकी आठ-नऊ रुग्णांचे पाय झोपेतही ठराविक अंतराने आचके देताना दिसतात. पण ते सांगायला शेजारी निजणारे माणूस पुरेसे असते, आणि त्याला ते विचारावे.

पाचवा प्रश्न मात्र घाईने उरकण्याजोगा नाही, कारण घोटाळा होतो तो येथे. पायात गोळा येतो तेव्हा पोटरीचा स्नायू हाताला दगडासारखा घट्ट लागतो आणि वेदना तीव्र असते. या विकारात स्नायू मऊच राहतो. मधुमेहाने मज्जातंतू बिघडले असता तळपायांची आग होते, बधिरता येते, मुंग्या येतात, आणि त्या चालल्याने जात नाहीत. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर चालताना पोटरी दुखते आणि थांबल्यावर दुखणे शमते, म्हणजे क्रम अगदी उलटा. मानसिक विकारांवरील किंवा उलटी थांबविण्याच्या काही औषधांनी येणारी तगमग सर्वांगाला व्यापते आणि रात्रीची वाट पाहत नाही. अर्थात एकाच माणसाला मधुमेहाची आगही असू शकते आणि अस्वस्थ पायांचा विकारही. अशा वेळी दोन्ही कैफियती वेगळ्या काढून ऐकाव्या लागतात. खुर्चीवर बसल्या बसल्या गुडघा नाचविणाऱ्या मुलाला आपल्याकडे लक्ष्मी जाते म्हणून दटावण्याचा शिरस्ता आहे. तो चाळा बहुधा सवयीचा असतो, त्यात नकोशी संवेदना नसते आणि पाय धरून ठेवला तर मुलाला यातना होत नाहीत. पण एखादे मूल रात्री पाय चेपून मागत असेल, वर्गात स्थिर बसू शकत नसेल आणि आई किंवा बापालाही ही व्यथा असेल, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून त्याची बोळवण करू नये.

आता लोहासंबंधी. या पुस्तकातील सर्वांत दीर्घ प्रकरण त्यावर आहे, आणि वाचकाने दुसरे काही वाचले नाही तरी ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे. आपल्या मेंदूच्या काही भागांत डोपामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते तयार करणाऱ्या विकराला लोहाची जरूर असते. या विकाराच्या रुग्णांत मेंदूतील लोह कमी असते, हे मस्तिष्क-मेरुद्रवाच्या तपासणीवरून आणि चुंबकीय चित्रणावरून दिसून आले आहे. मग रक्तातील लोह पुरेसे असो वा नसो. आनुवंशिक कारणेही आहेत. 2007 साली त्यासंबंधीची काही जनुके प्रथम सापडली. परंतु जनुके बदलता येत नाहीत आणि लोह देता येते, हा व्यवहारातील फरक आहे. स्वीडनमध्येच नॉर्डलांडर याने 1953 च्या सुमारास शिरेतून लोह देऊन हे रुग्ण बरे होतात असे दाखविले होते. ते निरीक्षण पुढे कित्येक वर्षे दप्तरात पडून राहिले, याची खंत या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाला वाटत आली आहे.

आपल्या प्रांतापुरते बोलायचे तर ही खंत अधिकच तीव्र होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा 54.2 जणींत रक्तक्षय आढळला. सर्व रक्तक्षय लोहाच्या अभावाने होतो असे नाही, पण त्याचे ते एक मोठे कारण आहे. आणि हिमोग्लोबिन उतरण्याच्या पुष्कळ आधी शरीरातील लोहाचा साठा रिता होऊ लागतो, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिन ही हातखर्चाची रक्कम समजावी आणि फेरिटिन ही कोठारातील शिल्लक. हातखर्च चालला आहे म्हणून कोठार भरलेले आहे असे अनुमान काढता येत नाही. वर उल्लेखिलेल्या बाईंचे हिमोग्लोबिन बारापेक्षा किंचित अधिक होते, म्हणून त्यांना ‘रक्त चांगले आहे’ असे सांगण्यात आले होते. फेरिटिन तपासले ते 14 भरले. प्रयोगशाळेच्या कागदावर त्या आकड्यापुढे कसलीही खूण नव्हती, कारण तेथे छापलेली खालची मर्यादा त्याहूनही खाली होती. निरोगी माणसासाठी ठरविलेली ती मर्यादा या विकाराला लागू नाही. प्रौढ रुग्णाचे फेरिटिन दर मिलिलिटरला 75 नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, अथवा रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची लोहसंपृक्तता शेकडा 20 च्या खाली असेल, तर लोह द्यावे, असे आजचे शास्त्र सांगते. शिरेवाटे लोह देण्याचा विचार तर फेरिटिन 100 पर्यंत असतानाही केला जातो. मुलांसाठी ही मर्यादा 50 ची आहे. तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी, त्याआधी दिवसभर लोहाची गोळी घेऊ नये, आणि अंगात ताप किंवा कसलाही दाह असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, हे ध्यानात ठेवावे.

लोह पोटातून घ्यायचे असेल तर ते दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड, शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावे; चहा आणि दूध यांच्यापासून ते दूर ठेवावे, कारण आपल्याकडे गोळी घेताच वर चहा पिण्याची जी रीत आहे तिने गोळीचे अर्धे काम वाया जाते. शौचाला काळे होते, कधी बद्धकोष्ठ होते, त्याने घाबरू नये. गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि पुष्कळ रुग्ण तिसऱ्या आठवड्यातच धीर सोडतात. पोटातून लोह सोसत नसेल किंवा साठा भरत नसेल, तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारखे लोह शिरेतून देता येते. ते रुग्णालयात, देखरेखीखाली द्यावे लागते आणि त्याचाही परिणाम दिसायला काही आठवडे जातात. लोखंडी कढईतील भाजी चांगलीच, पण रिते कोठार तिने भरत नाही. आणि तपासणीवाचून लोह घेणे सर्वथा वर्ज्य समजावे. काहींच्या शरीरात ते मुळातच अधिक साठते आणि यकृताला व हृदयाला इजा करते. लोह का घटले, याचा तपास तर चुकवूच नये. पाळीत अति रक्तस्राव होतो काय, मूळव्याध आहे काय, आतड्यांत कृमी आहेत काय. आणि उतारवयातील पुरुषाचे लोह घटले असेल तर जठर व आतडी तपासल्याशिवाय केवळ गोळ्या देत राहणे हा मी गंभीर अपराध मानतो, कारण त्या मागे कर्करोग असू शकतो.

लोहानंतरची पायरी म्हणजे रुग्ण आधीच घेत असलेल्या औषधांची झडती. सर्दीच्या आणि खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड, आणि आपल्याकडे डोकेदुखीपासून पाठदुखीपर्यंत सढळ हाताने दिली जाणारी अमिट्रिप्टिलीनसारखी औषधे हा विकार चाळवतात किंवा वाढवितात. झोप यावी म्हणून घेतलेली गोळीच पायांना जागे ठेवीत असते, असे कित्येकदा दिसून येते. औषध मनाने एकदम बंद करू नये. ज्यांनी ते लिहून दिले त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवावा. सायंकाळनंतरचा चहा-कॉफी आणि मद्य टाळणे, नियमित चालणे, निजण्यापूर्वी पोटऱ्या ताणणे व चोळणे यांनी सौम्य विकाराला पुष्कळदा पुरेसा उतार पडतो.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत, आणि येथे मला जरा कळकळीने सांगावयाचे आहे. 1982 साली तुर्कस्तानातील अकपिनार याने लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाने ही वळवळ आश्चर्यकारकपणे थांबते असे दाखविले, आणि पुढे रोपिनिरोल व प्रामिपेक्सोल ही त्याच कुळातील औषधे जगभर पहिल्या पसंतीची झाली. पहिल्या रात्रीच गुण येतो; रुग्ण डॉक्टरांचे पाय धरतो. परंतु महिन्यांनी वा वर्षांनी असे होऊ लागते की जी वळवळ रात्री दहाला येत होती ती पाचला येते, मग दुपारी येते, पायांवरून हातांत शिरते, आणि मात्रा वाढवावी तितकी ती अधिक बळावते. 1996 पासून हा प्रकार नीट वर्णिला गेला आहे. काही रुग्णांत या औषधांनी जुगाराची, अवाजवी खरेदीची अनावर ओढ निर्माण होते आणि संसाराची धूळधाण होते; तेव्हा ती सुरू करतानाच घरच्यांना याची कल्पना द्यावी. अमेरिकन निद्रावैद्यक संस्थेने 2025 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात ही औषधे सर्रास वापरू नयेत असा स्पष्ट अभिप्राय दिला असून, गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन यांना आणि शिरेवाटे दिलेल्या लोहाला अग्रक्रम दिला आहे. यांतील पहिली दोन औषधेही निर्धोक नाहीत: पेंग येते, तोल जातो, वृद्धांना पडण्याचे भय असते, आणि मूत्रपिंड दुर्बल असेल तर मात्रा कमी करावी लागते. जे रुग्ण आज प्रामिपेक्सोल घेत आहेत त्यांनी हे वाचून ते एका रात्रीत थांबवू नये. तसे केल्यास वेदना असह्य होते. ते हळूहळू, तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच उतरवावे.

गरोदर स्त्रियांपैकी सुमारे पाचवा हिस्सा, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, या व्यथेतून जातो आणि बाळंतपणानंतर बहुधा ती निघून जाते. तेथे औषधांपेक्षा लोहाकडे व धीर देण्याकडे लक्ष द्यावे. डायलिसिसवरील रुग्णांना चार-चार तास खुर्चीत वा खाटेवर स्थिर पडून राहावे लागते आणि त्यांच्यात तर हा विकार फारच आढळतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

पिशवीभर कागद घेऊन आलेल्या त्या बाईंच्या बाबतीत पाळीचा रक्तस्राव हे कारण निघाले, त्यावर उपचार झाले, लोह सुरू केले, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस झोपेची गोळी सुटली. सर्वांनाच इतका गुण येत नाही. काहींचा विकार जन्माची सोबत करतो आणि फक्त आटोक्यात ठेवता येतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत जे वैद्यकीचा व्यवसाय करीत आहेत त्यांना माझी विनंती आहे की, झोप येत नाही म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला झोपेची गोळी लिहिण्यापूर्वी ‘रात्री पाय हलवावेसे वाटतात का, आणि चालल्यावर बरे वाटते का’ एवढे विचारावे. आणि ज्यांनी स्वतःच्या किंवा घरातील कोणाच्या पायांसाठी हे पुस्तक उघडले आहे त्यांनी ही व्यथा कधी सुरू होते, कशाने थांबते आणि कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून काढावे, तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा, आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी नाव घेऊन मागावी.